कोपर अंगाशी

"कोपर अंगाशी. सदर फटका अंगाबाहेर जाता कामा नये."

असं म्हणून ते स्वतःचं उजवं कोपर बरगडीला चिकटवत आणि कोंबडीने पंख झाडावा तसा हात पुढे झटकत. टेबल टेनिसचा फोरहँड म्हणे तो! तहसील कचेरीतून निवृत्त झालेले हे गृहस्थ रोज संध्याकाळी जामसंड्यात आमच्या शेडमध्ये येत आणि कचेरीच्याच मराठीत खेळ शिकवत. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. कशाचे मास्तर, ते मला विचारू नका.

शेड माझ्या भावाची, आंबा पॅकिंगची. सीझन संपला की आम्ही तिथे टेबल मांडायचो. टेबलाच्या एका टोकाला रिकाम्या क्रेटांची थप्पी अगदी खेळणाऱ्याच्या पाठीला लागून असायची. हात मागे नेला की कोपर क्रेटवर आपटे. मास्तरांचंही कधीतरी आपटलं असणार. शहाण्या माणसाने क्रेट हलवले असते, यांनी त्यातून शास्त्र काढलं.

मी कॉलेजात बऱ्यापैकी खेळायचे. फोरहँड कमरेतून येतो, कोपर मोकळं लागतं, लांब चेंडूला पाऊल मागे घ्यावं लागतं, हे मी त्यांना किती वेळा सांगितलं! ते डोळे अर्धवट मिटून म्हणायचे, "आपण खेळला असाल. आम्ही अभ्यास केला आहे." या अभ्यासू माणसाला मी कधी एक पूर्ण गेम खेळताना पाहिलं नाही. बॅट पुढे केली की त्यांचा खांदा दुखायला लागे.

हसण्यावारी नेलं असतं, पण माझी भाची सायली त्यांच्याकडे शिकत होती. मागच्या वर्षी कुडाळला जिल्हा स्पर्धेत समोरच्या मुलीने सरळ पोटावर लांब चेंडू मारले आणि आमची पोर टेबलाला चिकटून राहिली. मागे एवढा मोकळा हॉल, आणि ही जणू क्रेटांना टेकलेली. हरली. परतताना एसटीत मास्तरांनी निदान केलं, "हॉल प्रमाणाबाहेर मोठा होता." माझं डोकंच फिरलं.

यंदा सायलीचं त्या वयोगटातलं शेवटचं वर्ष. जिल्ह्यात जिंकली तरच विभागाला जाणार, नाहीतर संपलं. मी भावाच्या मागे लागून क्रेट बाहेर काढायला लावले. तर मास्तर त्या रिकाम्या जागेत स्वतः जाऊन उभे राहिले. देखरेख म्हणे. सायलीने पाऊल मागे घेतलं की त्यांच्या पायावर पडायचं आणि ते विजयी मुद्रेने माझ्याकडे बघायचे, "पाहिलंत? मागे जागा नाही."

मी सायलीला म्हटलं, सांग त्यांना बाजूला व्हायला. ती खाली बघून म्हणाली, "आत्ये, मोठ्या माणसाक कसा सांगतलंय?" मग मीच सांगितलं. दोन दिवस ते रुसून आले नाहीत, तिसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच हजर.

कुडाळची फायनल. मास्तरांनी पंचांशी जुनी ओळख काढली आणि सायलीच्या बरोबर पाठीमागे खुर्ची टाकून बसले. मी काही बोलायला गेले तर पंचांनी मलाच गप्प बसायला सांगितलं. निर्णायक गेममध्ये तेच सुरू झालं, पोटावर लांब चेंडू. सायली मागे व्हायला गेली, तिची टाच खुर्चीला अडली, गुण गेला. मागून आवाज आला, "कोपर!"

सायलीने चेंडू उचलला. सर्व्हिस करायची सोडून ती वळली. एवढ्या लोकांत, अगदी हळू आवाजात म्हणाली,

"काकानू, खुर्ची मागे घेवा. माका मागे सराक जागा नाय."

मास्तर काहीतरी कचेरीतलं बोलतील असं वाटलं. पण ते उठले, दोन्ही हातांनी खुर्ची उचलली आणि पार भिंतीपर्यंत घेऊन गेले. खुर्ची तिथे ठेवली, पण बसले नाहीत. बाजूच्या दाराने बाहेर पडले. मला वाईट वाटलं नाही, खोटं कशाला बोलू?

ते पुन्हा शेडमध्ये आले नाहीत. सायलीला जिंकून देणारा शेवटचा गुणही त्यांनी पाहिला नाही. लांब चेंडू आला, सायली एक पाऊल मागे गेली, मग आणखी एक, कमरेतून वळली आणि हात मोकळा सोडला. थोड्या वेळापूर्वी मास्तर जिथे बसले होते, नेमकी तिथे उभी राहून तिने तो मारला.