पत्रकातली ती एक ओळ

हे मी कोणालेच सांगतलं नाही. आईले नाही, ज्याच्याशी लग्न ठरलं त्यालेही नाही. आज ऑफिसातले सगळे जेवाले गेले, मशीन रिकामी आहे, म्हणून बसली टाईप कराले. थांबली तर पुन्हा पाच वर्षं तोंड उघडणार नाही, मले माहीत आहे.

तेव्हा मी एकोणीसची. मराठी टायपिंगची परीक्षा नुकतीच पास झाली होती, अन् मले वाटे, अख्ख्या नागपुरात माझ्याइतका जलद हात कोणाचाच नाही! धरमपेठेत कॉलेजात शिकवणाऱ्या एक ताई होत्या. त्यांनी बाया जमवल्या होत्या, आठ मार्च साजरा कराले. आठ मार्च म्हणजे काय—मले तरी कुठं माहीत होतं? ताईंनीच सांगतलं. तिकडं परदेशात कारखान्यातल्या बाया रस्त्यावर उतरल्या, कामाचे तास कमी करा म्हणून, मत द्याचा हक्क मागाले, तिथून हा दिवस आला. मी तर पागलच झाली! पत्रक मीच टाईप करणार, म्हणली.

शेजारी शांताकाकू. घरी हातमाग, काकू दिवसभर कांड्याईवर सूत भरे. मी धावत जाऊन तिलेच पहिले सांगतलं. ती हसाले लागली.

"बैलाईचा पोळा असते, तसा आता बायाईचाबी आला का वं? अन् दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी काय, काकू?"

"जुंपतात नं पुन्हा!"

हसता हसताच ती बोलली. धागा तुटला की काका हातातला लाकडी धोटा तिच्या बोटाईवर हाणे. उजव्या हाताची दोन बोटं वळतच नव्हती तिची. गल्लीले तिनं सांगून ठेवलं होतं, दारात चेंगरली म्हणून. मी विचारलं, हे पत्रकात टाकू? तिनं हातातली कांडी भरून खाली ठेवली. मंग म्हणे, "टाक. पण मी आहे हे कोणाले कळू नको देऊ, मंगले. तीन पोरी आहेत मले. त्यानं हाकललं तर पोरी नाही देणार तो."

मी नाव बदललं. शांताची कमला केली. गल्लीही बदलली. पण बोटं?

ताईंनी बजावलं होतं—ओळख पटंल असं काहीच ठेवू नको. मशीनवर छपाईची स्टेन्सिल कापताना मी त्या ओळीपाशी थांबली. 'उजव्या हाताची दोन बोटं आता वळत नाहीत.' इतकी भारी वाटली मले ती ओळ! वाचणारा रडलाच पाहिजे, असं वाटलं. चूक खोडाचं औषध बाजूलेच होतं. एक फटकारा मारला असता—बस. विसरली म्हणू का? नाही, विसरली नव्हती.

गांधीबागेतून मोर्चा निघाला. फलक, टाळ्या, गाणी, दुकानदार पायरीवर येऊन पाहून राहिले होते. पत्रकं मीच वाटली. दोन पानं इतिहास होता, तो कोणीच वाचला नाही. ती ओळ मात्र सगळ्याईनं वाचली. काका ज्या दुकानात लुगडी विकाले नेत, त्या दुकानातही वाचली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच काका आमच्या दारात. हातात पत्रक, मागं काकू. बाबा बाहेर आले.

"हे हिनं सांगतलं का तुले?" काकानं मले विचारलं.

नाही म्हणता आलं असतं नं? दुसऱ्या कोण्या बाईचं आहे, म्हणता आलं असतं. माझी जीभ तर मशीनसारखी चाले, एक खोटं काय जड होतं? खोटं तर मी बोललीच. म्हणली, "काकू तर नावासकट टाक म्हणत होती. मीच बदललं, तुमच्या इज्जतीसाठी."

बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "शहाणी आहे पोट्टी," म्हणाले. काकू खाली पाहत उभी होती.

आठ दिवसांत तिले पारशिवनीले भावाकडं धाडून दिलं. पोरी इथंच ठेवल्या. मोठी कांड्या भराले बसली.

एवढंच असतं तर मी टाईप कराले बसलीच नसती कदाचित. तेव्हा भ्याली होती, असं स्वतःले सांगत आली असती. पण यंदा काकूची लहानी भेटली, नळावर. चंदा. दहाची असंल. पाण्याची गुंडी भरता भरता विचारलं तिनं.

"ताई, बाबा म्हणते, आईले आमच्यापेक्षा त्या कागदात नाव येणं प्यारं होतं. तिनंच म्हणलं का खरंच, नाव टाक म्हणून?"

नळावर आमी दोघीच होतो. काका नाही, बाबा नाही. भ्याचं कोणाले होतं? दहा वर्षांच्या पोरीले? खरं सांगाले किती शब्द लागले असते—पाच? सहा?

मी म्हणली, "हो."

तिनं गुंडी डोक्यावर घेतली. "मले वाटलंच," म्हणे.

दिवाळीत दोघी मोठ्या बहिणी मामाकडं गेल्या, आईले भेटाले. चंदा नाही गेली.