चिखल्याची खडी

१२ ऑक्टोबर २०१९ रोजी टेकचंदने नागपूरहून ३,८६० रुपयांचे आठ छोटे सर्किट बोर्ड आणले. पावती माझ्याकडे ठेवायला दिली, कारण त्याच्या घरी ठेवण्यासारखी ती नव्हती.

टेकचंद चिखल्याच्या मँगनीज खाणीत वायरमन होता. निवृत्त होऊन शहापूरला माझ्या शेजारी राहायला आला आणि पुढच्या खोलीत मोठ्या टेबलावर त्याने चिखला नावाच्या स्टेशनासह छोटी खेळण्यातली रेल्वे मांडली. रुळांत वीज कायम असते, कंट्रोलरच्या डब्यातून हुकूम इंजिनातल्या चिपला जातो. रुळांमध्ये पसरलेली काळी खडी म्हणजे चिखल्याचे खरे मँगनीज होते, त्याच्या बायकोच्या, शकुंतलावहिनींच्या, खलबत्त्यात कुटून डिंकाने चिकटवलेले. येणाऱ्या प्रत्येकाला तो ती खडी आधी दाखवी, गाडी नंतर.

अडचण एकच होती. गाडी कुठे पोचली हे कंट्रोलरला कळत नसे. ती हाताने थांबवावी लागे, आणि एकदा न थांबता ती वहिनींच्या निवडलेल्या डाळीत उतरली.

त्या दिवशी शकुंतलावहिनींनी निकाल दिला. “एकोडीच्या वावरातून धान येऊन राहिलं. पोते ठेवाले जागा नाई. तुमची गाडी आपल्या मनानं टेशनावर थांबली तं टेबल राहीन. नाई तं पोते इथंच लागतीन.”

म्हणून हे बोर्ड. टेकचंदने रुळांचे आठ तुकडे पाडले आणि प्रत्येकाला एक बोर्ड जोडला. इंजिन ज्या तुकड्यावर येईल तिथे करंट ओढेल, बोर्डाला ते कळेल आणि कंट्रोलरच्या स्क्रीनवर तो तुकडा लाल होईल. स्टेशनचा तुकडा लाल झाला की गाडी थांबेल.

त्याने बटण दाबले. इंजिन अजून खोक्यात होते. आठही तुकडे लाल झाले.

“टेकचंद, आठ गाड्या कुठून आल्या?” मी विचारले.

त्याने सगळ्या वायरी सोडून पुन्हा जोडल्या. सगळे लालच. इंजिन रुळावर ठेवले तरी पुढची लाइन भरली आहे म्हणून कंट्रोलर ते हलवेना.

“टेबलावर डबा नाई अन् म्हणे लाइन भरली,” वहिनी म्हणाल्या. “काहून, भुतं बसून राहिले का टिकिट काढून?”

दिवाळी जवळ आली होती. धुतलेल्या अभ्ऱ्यांवर काळी पूड पडली, तेव्हा वहिनींनी उलथने घेतले आणि स्टेशनाजवळची खडी खरवडायला सुरुवात केली.

“अवो, चिखल्याचा माल आहे तो!” टेकचंद ओरडला.

“टेकचंद, स्क्रीन पाहा,” मी म्हणालो. स्टेशनचा लाल दिवा विझला होता.

तो खुर्चीत बसला. “मँगनीज करंट नेते, केशवराव. टॉर्चच्या सेलात हेच काळं भरतात. खडीतून करंट गेला का बोर्डाले वाटते इंजिन आलं.”

“अन् जिंदगीभर तिथं वायरमन होते तुमी,” वहिनी म्हणाल्या.

“चिखला टेशन अन् चिखल्याची खडी नाई?” तो कळवळून म्हणाला. पण उलथने त्याने स्वतःच हातात घेतले. खरवडलेले मँगनीज मालगाडीच्या डब्यांत भरले. रुळांमध्ये वहिनींच्या डब्यातली कनकी, म्हणजे तांदळाचा तुकडा, चहाच्या पाण्यात रंगवून, वाळवून पसरली. स्क्रीनवर एकही लाल दिवा उरला नाही.

धानाचा ट्रॅक्टर दारात उभा राहिला तेव्हा गाडी सुटली. हमाल पोते पाठीवर घेऊन उंबऱ्यात थांबला. तेवढ्यात वहिनींची कोंबडी टेबलावर चढली आणि कनकीची खडी टिपू लागली. कोंबडी करंट ओढत नाही, त्यामुळे स्क्रीनवर ती दिसली नाही. इंजिनाने तिला मागून धक्का दिला, ती ओरडत वहिनींच्या अंगावर उडाली, आणि गाडी पुढे जाऊन आपोआप चिखला स्टेशनात उभी राहिली.

हमालाने विचारले, “बाई, पोतं कुठी ठेवू?”

वहिनींनी पदरावरचे पीस झटकले. “टेबलाखाली,” त्या म्हणाल्या.

टेबल अजून तिथेच आहे. टेकचंदकडून वहिनींचे दोन किलो कनकीचे येणे बाकी आहे.