तडफडीला ताजेपणा म्हणणाऱ्यांशी भांडणाऱ्या बिराजदार मॅडम

डॉ. महादेवी बिराजदार मॅडमची आणि माझी पहिली भेट मंद्रूपच्या आठवडे बाजारात झाली, आणि तीही भांडणात. पशुवैद्यकीय दवाखान्यात मी त्यांच्या हाताखाली रुजू होणार होतो. बाजारातून जाताना पाहिले, तर माझ्या होणाऱ्या साहेब एका मासेविक्रेत्यावर कडाडत होत्या. होटगीजवळच्या शेततळ्यात मासे वाढवणाऱ्या सिद्रामने रोहू कोरड्या ताडपत्रीवर पसरले होते. ते तोंड वासून तडफडत होते आणि गिऱ्हाईक कौतुकाने बघत होते.

"फडफडतोय म्हनून तर लोक थांबत्यात की, मॅडम! गप पडला की शिळा म्हनत्यात," सिद्राम म्हणाला.

शेजारून कुणीतरी टोमणा मारला, "तुमी लिंगायत. मासा खात न्हाय, तुमाला काय कळतंय त्यातलं?"

"खात नाही, पण डोळे आहेत ना मला!" मॅडम म्हणाल्या.

त्या कौतुकाचा मला आजही संताप येतो. बोकड कापताना आपण सुरीची धार बघतो. मासा मात्र हवेत घुसमटत ठेवायचा आणि वर त्यालाच ताजेपणा म्हणायचे! त्याला ओरडता येत नाही म्हणून दुखतही नाही, हे कुणी ठरवले?

मॅडम नुसत्या चिडून थांबल्या नाहीत. त्यांनी बाभळीची आखूड मोगरी करून घेतली आणि सिद्रामला शिकवले. मासे पिंपात, पाण्यातच ठेवायचे. गिऱ्हाईकाने बोट दाखवले की डोक्यावर एकच नेमका घाव घालून माशाची शुद्ध घालवायची आणि मगच सुरी लावायची. लोक हसले, दुसऱ्याकडे वळले. तेव्हा मॅडम स्वतः त्याच्या पिंपाशी उभ्या राहू लागल्या. सिद्राम तापाने पडला त्या बाजारी तर मोगरीही त्यांनीच चालवली. लिंगायताची सून मासे मारते म्हणून घरी सासूबाईंनी अबोला धरला. मॅडमनी तो निमूट सोसला, पण सिद्रामचे गिऱ्हाईक तुटू दिले नाही.

आता मॅडमच्या सत्कारासाठी नेमलेल्या आमच्या गौरव समितीचा पराक्रम ऐका. मॅडमच्या पंचाहत्तरीच्या जेवणाला मासे ठरले, ते टेंभुर्णीहून कोरड्या क्रेटमध्ये, तडफडत येणारे! मी हरकत घेतली, तर अध्यक्ष म्हणाले, "मासाच तो, त्याचं एवढं काय?" सत्कार कुणाचा करतो आहोत, याचे तरी भान हवे होते!

मॅडमनी निरोप धाडला, "खाणार आहात तर सिद्रामकडचे घ्या. अध्यक्षांनी पिंपाशी उभं राहून बघावं. जमत नसेल तर सत्काराची शाल आणूच नका."

सिद्राम आता म्हातारा झाला आहे. तो अध्यक्षांना म्हणाला, "या की सायेब, मोगरी तुमच्याच हातात देतो."

मासे आता सिद्रामकडूनच येणार आहेत. अध्यक्षांनी आपल्यापुरता वरण-भात सांगितला आहे.

मॅडम, तुमची तब्येत ठणठणीत राहो आणि जीभ अशीच तिखट. तुमच्या वाट्याला अजून पुष्कळ वर्षे येवोत, आणि पिंपातल्या त्या मुक्या जिवांच्या वाट्याला एकच घाव.