स्टार्टरच्या पेटीवरचा रुमाल

ब्राह्मणपुरीकडच्या आमच्या शेतातली विहीर दोघांची आहे, माझ्या बाबांची आणि धाकट्या काकांची. मोटर एक आणि पाणी इकडे-तिकडे वळवायचा वॉल्वही एकच. बांधावरच्या निंबाच्या फांद्या कोणी तोडल्या यावरून चार वर्षांपूर्वी दोघांचं बोलणं बंद झालं, पण पाण्यावरून कधी भांडण झालं नाही. त्याला कारण रुमाल. ज्याचं पाणी चालू, त्याने आपला रुमाल स्टार्टरच्या पेटीला बांधायचा. दुसरा बांधावरूनच तो बघायचा आणि परत फिरायचा. आजोबांच्या वेळेपासून हे असंच.

मी पुण्याच्या एका कंपनीसाठी घरूनच प्रोग्राम लिहिते, गो नावाच्या भाषेत. या भाषेत एकाच वेळी हजार कामं सुरू ठेवता येतात. फक्त दोन कामांना एकच वस्तू हवी असली की तिला कुलूप लावावं लागतं. ज्याच्या हाती कुलूप, त्याने ती वापरायची, बाकीच्यांनी थांबायचं. एवढं शिकलेल्या मला तो रुमाल अडाणीपणाचा वाटला, हे लिहितानाही लाज वाटते. बाबांचे गुडघे दुखतात, त्यात आमची केळी आणि काकांची पपईची नवी लागवड, दोघांच्या चकरा वाचतील म्हणून मी मोटरीजवळ बॅटरीवर चालणारा एक छोटा संगणक बसवला. मोबाइलवर बटण दाबलं की पाणी सुरू.

घोळ क्रमावरून झाला. बाबांचं म्हणणं, आधी मोटर, मग वॉल्व. लाईट पुरेशी आहे का ते आधी कळतं. काकांचं म्हणणं, आधी वॉल्व. नाहीतर पाइपाचे सांधे निसटतात. दोघंही हट्टाला पेटलेले आणि निरोप नेणारी मी. प्रोग्रामात मोटरीला एक कुलूप होतं आणि वॉल्वला एक. दोन कुलपं असतील तर सगळ्यांनी ती एकाच क्रमाने घ्यायची, हा आमच्या कामातला पहिला धडा. कंपनीत नवीन येणाऱ्यांना तो मीच शिकवते. पण एकाचा क्रम घेतला असता तर दुसरा म्हणाला असता, पोरगी त्याच्याच बाजूची. म्हणून मी प्रत्येकाला आपापला क्रम दिला. घरात शांतता राहावी म्हणून जाणूनबुजून चुकीचं लिहिलं, आणि महिनाभर ते चाललंही.

मग मी आठवडाभर पुण्याला गेले. एका सकाळी लाईट आली आणि दोघांनी एकाच वेळी बटण दाबलं. बाबांच्या कामाने मोटर धरली आणि वॉल्वसाठी थांबलं. काकांच्या कामाने वॉल्व धरला आणि मोटरीसाठी थांबलं. दोघांच्या मोबाइलवर एकच शब्द होता, थांबा. बाबांना वाटलं, काकांचं पाणी चाललंय. काकांना वाटलं, बाबांचं. काका पपईत जाऊन कोरड्या नळ्या बघायचे आणि मुकाट घरी यायचे. भावाच्या पाळीत विहिरीवर पाऊल ठेवायचं नाही, हा मान अबोल्यातही दोघांनी सोडला नव्हता. मला फोन करणं म्हणजे बाबांची तक्रार करणं, म्हणून काकांनी तोही केला नाही. असे चार दिवस गेले, आणि तेही आमच्याकडच्या उन्हात.

मी आले तेव्हा काकांची रोपं माना टाकून पडली होती. याच काकांनी याच विहिरीत पाठीला डबा बांधून मला पोहायला शिकवलं होतं. चूक सापडायला दहा मिनिटंही लागली नाहीत. मी दोन कुलपं काढून एकच ठेवलं आणि प्रोग्रामात त्याला नाव दिलं रुमाल. मग काकांकडे गेले. ते ओट्यावर खाटेवर बसले होते. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, अगदी कुलपांसकट.

"चूक मन्ही शे काका," मी म्हटलं. "बाबानी काहीच करं नही."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"तू चांगली शे बेटा," ते म्हणाले. "पन बापले वाचाडू नको."

बाबांना वाचवायला मी खोटं बोलतेय, असंच त्यांना वाटलं. माझी चूकसुद्धा माझी मानायला ते तयार नव्हते, आणि मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या संगणकाची वायर सोडवून बाजूला ठेवली, पाणी दिलं आणि पेटीला आपला रुमाल बांधला. पाणी झालं की रुमाल काढायचा असतो. त्यांनी तो अजूनही काढलेला नाही. प्रोग्रामात थांबण्याला मुदत घालता येते. अमुक वेळ झाला की आपोआप सुटका. बाबा मात्र रोज सकाळी गुडघे धरत बांधापर्यंत जातात, रुमाल बघतात आणि परत येतात. काल मी त्यांना म्हटलं, मोटर तर बंद आहे, मी जाऊन रुमाल सोडते.

"हात लावू नको," बाबा म्हणाले. "त्याना रुमाल शे. तोच सोडी."

आमच्या केळीची पानं कडेने पिवळी पडायला लागली आहेत.