स्लॅबखालचं घर

पुण्यात भाडेकरार संपायला महिना उरला की मी फोन पालथा ठेवायला लागायचे. घरमालकाचं नाव पडद्यावर दिसू नये एवढीच इच्छा. पण फोन यायचाच. सद्गृहस्थ आधी आईची तब्येत विचारायचे, आणि तब्येत विचारली की मी समजून जायचे की भाडं वाढलं.

त्या वर्षी दोन भीती एकदम आल्या. घरमालकाचा फोन आला, आणि त्याच आठवड्यात आमच्या कंपनीनं माझ्या शेजारच्या दोघींना घरी बसवलं. मी विम्याचे कागद तपासायचं काम करते. ते कुठूनही करता येतं. कुठूनही करता येणारं काम कुणालाही देता येतं, हे मला त्या आठवड्यात कळलं. पगारातला निम्म्याहून जास्त भाग दोन खोल्यांना जात होता. पगारच गेला तर आईला घेऊन कुठं जायचं, हा प्रश्न रोज सकाळी दात घासताना समोर यायचा.

माझं लग्न झालेलं नाही. पूर्वी नातेवाईक त्याबद्दल विचारायचे, आता तेही दमले. वडील गेल्यावर आई पिंपळनेरजवळचं गाव सोडून माझ्याकडे पुण्याला आली, त्याला सहा वर्षं झाली होती. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, गुडघे कुरकुरणारे, पण डोकं साफ. पुण्यात सहा वर्षं राहूनही अहिराणीचा एक शब्द तिनं बदलला नाही. भाजीवालाच तिच्याकडून शिकला.

तर मी ठरवलं, खानदेशात परत जायचं. भाडं कमी, माणसं आपली, आईला तिची भाषा ऐकायला मिळेल. हे मी सगळ्यांना सांगत होते. आईसाठी जातेय असं म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही, उलट कौतुक करतात.

घरं दोन होती. एक धुळ्याला, मावशीच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, तळमजल्यावर. जुनं, खोल्या अंधाऱ्या, मागं थोडी मोकळी जागा आणि तिथं पाण्याचे निळे ड्रम ओळीनं ठेवलेले. नळाला पाणी आठ दिवसांनी येतं, असं घरमालकीण अगदी सहज म्हणाली. ड्रम भरत, ड्रम झाकत, संध्याकाळी मावशीच्या ओट्यावर बसून कुणाच्या सुनेचं काय चाललंय ते ऐकत माझं उरलेलं आयुष्य जाणार, असं चित्र डोळ्यांपुढे उभं राहिलं. त्या चित्राला मी घाबरले, हे आज कबूल करते.

दुसरं घर जळगावला. चार मजली इमारत, सगळ्यात वरचा मजला, लिफ्ट, पांढऱ्या फरश्या, इंटरनेट चांगलं. खाली दोन रस्ते ओलांडले की कॉफीचं दुकान, तिथं माझ्यासारखे लॅपटॉप उघडून बसलेले चार जण. पुण्याला जायची वेळ आलीच तर थेट रेल्वे. आणि भाडं धुळ्याच्या त्या अंधाऱ्या घराएवढंच. एवढं स्वस्त का, हे मी विचारलं नाही. स्वस्ताला कारण विचारलं की ते महाग होतं, असं काहीतरी माझ्या मनात असावं.

आम्ही ते घर डिसेंबरात पाहिलं. खानदेशातला डिसेंबर काय असतो ते सांगायला नको. गच्चीवर कोवळं ऊन होतं, इमारतीतल्या लोकांनी भरिताचा बेत केला होता, आम्हालाही आग्रहानं बसवलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची पुरी, हिरव्या मिरचीतलं वांग्याचं भरीत, वर कांद्याची पात. मी दोनदा वाढून घेतलं. आईला विचारलं, घर कसं वाटलं? ती म्हणाली, "बरं शे." मी तिथंच आगाऊ पैसे दिले.

जानेवारीत राहायला गेलो. मार्चपर्यंत बरं गेलं. एप्रिलमध्ये सकाळी अकरालाच नळातून कढत पाणी यायला लागलं, कारण टाकी गच्चीवर. आंघोळीचं पाणी आम्ही रात्री बादलीत भरून ठेवायचो. मग भिंती तापायला लागल्या. मग फरशी. डोक्यावर थेट स्लॅब, त्याच्यावर फक्त आकाश. दिवसभर प्यालेलं ऊन तो स्लॅब रात्री खाली सोडायचा. संध्याकाळी मी गच्चीवर जाऊन पाणी मारायचे, आणि ते पाणी फरशीला लागताच वाफ होऊन माझ्याच तोंडावर यायचं. पुण्याची मैत्रीण फोनवर म्हणाली, काय मजा आहे बाई तुझी, निम्म्या भाड्यात लिफ्टचं घर. मी हो म्हणाले. आगीतून उठून फुफाट्यात पडलेय हे सांगायला लाज वाटली.

तळमजल्यावर एक निवृत्त शिक्षक राहतात. सगळे त्यांना नाना म्हणतात. त्यांनी एकदा लिफ्टपाशी विचारलं की तुम्ही हे घर कोणत्या महिन्यात पाहिलंत? मी म्हटलं, डिसेंबरात. त्यांनी मान हलवली. आपल्याकडे घर मे महिन्यात पाहतात, म्हणाले, दुपारी तीनला, आणि दार लावून तासभर आत बसतात. तुम्ही तर इकडच्याच ना? मी इकडचीच. पण वीस वर्षं पुण्यात राहून मी डिसेंबराला भुलणारी पाहुणी झाले होते.

कूलर आम्ही एकच घेतला होता. तो माझ्या खोलीत होता, कारण उन्हानं लॅपटॉप तापून बंद पडायचा, आणि बंद पडलेला लॅपटॉप म्हणजे गेलेली नोकरी. मी आईला म्हणायचे, तू पण आत येऊन पड. ती म्हणायची, कूलरच्या ओल्या हवेनं गुडघे धरतात, मी बाहेर बरी. मला ते सोयीचं होतं, म्हणून मी ते खरं मानलं. माझे फोन चालू असताना घरात कुणी खोकललेलंही मला चालायचं नाही. आई बाहेरच्या खोलीत जमिनीवर ओलं लुगडं अंथरून पडायची.

मे महिन्यातली एक दुपार. अडीचच्या सुमारास लाईट गेली. कूलर थांबला. माझा फोन चालू होता, पुण्याचे साहेब बोलत होते, आणि या महिन्यात कुणाचं काम पुढे चालू राहणार ते ठरणार होतं. मी मोबाईलवरून इंटरनेट जोडलं, कपाळावरचा घाम पुसला आणि बोलत राहिले. पाऊण तास. आईला हाक मारावी असं मध्ये एकदा मनात आलं. फोन संपल्यावर मारू म्हटलं.

बाहेर आले तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. चेहरा लाल. मी जवळ गेले, कपाळाला हात लावला आणि हात मागं घेतला. अंग भाजत होतं, पण घामाचा थेंब नव्हता. लुगडं कोरडं ठक्क. तिनं माझ्याकडे पाहिलं, हसली आणि म्हणाली,

"अक्का, चाल ना व निंदाले. ऊन चढी ऱ्हायनं."

अक्का म्हणजे तिची मोठी बहीण, धुळ्याची मावशी. आई मला ओळखत नव्हती. ती साठ वर्षं मागं कुठल्यातरी शेतात होती आणि तण निंदायला उशीर होतोय म्हणून उठायचा प्रयत्न करत होती. मी तिला धरलं. मी आयुष्यात खूप वेळा घाबरले आहे. घरमालकाला, साहेबांना, महिनाअखेरीला. ती सगळी भीती डोक्यात असते. ही पायांत होती. पाय हलतच नव्हते.

कसेबसे हलले. माठातलं पाणी तिच्या डोक्यावर ओतलं. लिफ्टकडे धावले, मग आठवलं की लाईट नाही. चार जिने. वरूनच ओरडले. नाना बनियनवरच वर आले, पाठोपाठ त्यांचा मुलगा. दोघांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि ती खुर्ची पायरी पायरीनं खाली नेली. मी पुढं उलटी चालत तिचे पाय धरून होते. प्रत्येक वळणावर ती विचारायची, वावर आलं का? नाना दर वेळी म्हणायचे, आलंच, आलंच. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, त्या वेळी जळगावात नसतंच. कोपऱ्यावर एक रिक्षावाला रिक्षातच ओलं फडकं तोंडावर घेऊन झोपला होता. नानांनी त्याला हलवून उठवलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी नाव विचारायच्या आधी विचारलं, कितव्या मजल्यावर राहता? मी म्हटलं, चौथ्या. वर स्लॅबच ना? मी मान हलवली. काखेत बर्फ, हाताला सलाईन, अंगावर ओल्या चादरी आणि वर पंखा. मला बाहेर बसायला सांगितलं. मी बाहेर बाकावर बसले आणि तिथून दार बघत राहिले. दार उघडलं की जीव वर यायचा, बंद झालं की खाली जायचा. संध्याकाळी नर्सनं बाहेर येऊन सांगितलं की आजींनी माझं नाव घेऊन विचारलं, जेवली का म्हणून. तेव्हा मी पहिल्यांदा रडले.

तीन दिवस तिला तिथंच ठेवलं. तिसऱ्या दिवशी ती उशीला टेकून बसली होती, मी मोसंबी सोलत होते आणि घरमालकांना शिव्या घालत होते. माणसं किती लबाड असतात, डिसेंबरात घर दाखवतात, भरीत खाऊ घालतात, आपल्याला कसं कळणार, असं माझं चाललं होतं. आई शांतपणे म्हणाली,

"माले कळनं व्हतं. वरना मजला दखताच कळनं व्हतं."

माझ्या हातातली मोसंबी तशीच राहिली. मग बोलली का नाहीस? मी जरा जोरातच विचारलं, पलीकडच्या खाटेवरची बाई वळून बघायला लागली. तू बरं आहे म्हणालीस. कूलरचंही खोटंच ना? गुडघे बिडघे काही नाही?

आईनं चादरीची कड बोटानं सारखी केली. नेहमी माझ्याकडे बघून बोलणारी ती खाली बघून बोलली.

"मी नको म्हनी असती, तं तू माले बहीनकडे ठेई देती. अनी एकटी पुनाले चालनी जाती. एकटीले एक खोली पुरस."

मला म्हणायचं होतं की असं काय बोलतेस, असला विचार कधी माझ्या मनाला शिवला तरी का. तोंड उघडलंही होतं. पण बाकावर बसले होते त्या दुपारचं मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. आत तिच्या अंगावर बर्फ ठेवत होते, मी देवाला हात जोडून होते, आणि त्याच डोक्यात एक हिशेब शांतपणे पुढं सरकत होता. ही गेली तर पुण्यात एक खोली पुरेल. एका खोलीचं भाडं झेपेल. कॉट आणि टेबल खिडकीशी कसं लागेल इथपर्यंत मी पोचले होते. मग भानावर आले आणि स्वतःच्या तोंडावर हात दाबून बसले. नर्सला वाटलं, मी हुंदका आवरतेय.

तो हिशेब त्या बाकावर पहिल्यांदा झाला असंही नाही. माझ्या आधी तिनं तो केला होता. डिसेंबरातच केला होता, कोवळ्या उन्हात, माझ्याशेजारी बसून. मी तिला टाकीन या भीतीनं ती पाच महिने काही बोलली नव्हती आणि उन्हाळा लागल्यावर त्या भट्टीत मुकाट्यानं पडून राहिली होती. आणि तिची ती भीती खोटी होती, असं मला म्हणता येत नव्हतं. मला तिथं, त्या खाटेपाशी, माझीच भीती वाटली.

मी मोसंबीची फोड तिच्या हातात दिली आणि म्हटलं की आपण धुळ्याचं ते तळमजल्याचं घर घेऊ. अजून रिकामं असेल तर ते, नाहीतर दुसरं, पण खालचं. भर दुपारी जाऊन बसून बघू. पाणी आठ दिवसांनी आलं तर आलं, ड्रम भरू.

तिनं फोड तोंडात घातली नाही.

"आपन दोन्ही जनी?" तिनं विचारलं.

हो, दोघी, मी म्हणाले. ती मान हलवून फोड खायला लागली. नर्स आली, सलाईनची बाटली बदलून गेली. मग आईनं मला पुन्हा तेच विचारलं.