मावशींच्या मापाचा संच

डायव्हिंगच्या दुकानात मावशी बावीस वर्षं दुसऱ्यांचं सामान बांधत आल्या होत्या. सिलिंडरमधली हवा मोजायची, नळीचं रबर चिरलंय का ते बोटांनी चाचपायचं, मास्क आणि पट्टे पेटीत भरायचे. स्वतः मात्र त्या कधी समुद्राखाली गेल्या नव्हत्या.

एके सकाळी दुकानाची प्रशिक्षिका म्हणाली, "मावशी, आज एक संच जास्तीचा भरा."

"कुणाच्या मापाचा?"

"तुमच्या."

"चेष्टा करतेस का गं? साठीला आले मी!"

"मग गेल्या आठवड्यात डॉक्टरांकडे तब्येत तपासायला तुम्हाला उगाच नेलं होतं का?"

एरवी डोळे झाकून होणारं काम, पण त्या दिवशी मावशींनी एकेक बकल तीन-तीनदा ओढून पाहिलं.

होडीतून उतरल्यावर पाण्याखाली पहिला श्वास आत गेला आणि त्या थक्कच झाल्या. हवा येत होती! समोरून चंदेरी माशांचा थवा वळला, तो काही केल्या संपेचना. एक मासा तर अगदी डोळ्यांसमोर येऊन त्यांना न्याहाळून गेला.

होडीत परत आल्यावरही मावशींनी डोळ्यांवरचा मास्क काढला नाही.

"कसं वाटलं?" प्रशिक्षिकेनं विचारलं.

"थांब गं जरा," मावशी पाण्याकडेच बघत म्हणाल्या, "मी अजून खालीच आहे."