पोरीच्या गळ्यातली शपथ

आमची पोरगी खोटं बोलत नाही, हेच आमचं सगळ्यात मोठं दुखणं होतं. हसू नका. दुसऱ्यांची लेकरं पुस्तकात मोबाइल लपवून खेळतात, आईची चाहूल लागली की पान उलटतात. मग त्यांच्या आया त्यांना पकडतात, दोन धपाटे घालतात, जिवाला बरं वाटतं. आमच्याकडे ती सोयच नव्हती. "खेळलीस का गं?" म्हणून विचारलं की ही मान वर करून सांगायची, "हाव, खेळले की. तुम्ही तासभर म्हणला होता, मी दोन तास खेळले." आता हिला काय पकडणार, कपाळ!

तेव्हा ती नुकतीच नववीत गेली होती. लातुरात नववी-दहावीचं लेकरू म्हणजे साऱ्या गल्लीचं लेकरू. बाहेरगावची पोरं इथं खोल्या करून, डबे खाऊन शिकून राहिली, अन् आमची इथं जन्मून मोबाइलवर बंदुका चालवते, हे मी भाजीवालीच्या तोंडूनसुद्धा ऐकलं आहे. खेळ म्हणजे काय, तर लोकांचा ढीग एका बेटावर उतरतो अन् एकच टोळी उरेपर्यंत एकमेकांना मारत सुटतो. चौघींची हिची टोळी. एक माझी नांदेडची भाची, बाकी दोघी कुठल्या कोण जाणे. घरी आल्यागेल्याला पाणी दे म्हणलं तर लाजून दाराआड होणारी ही पोरगी कानात ते गोळे घातले की ओरडायची, "अरे पीछे है, पीछे है! मार ना!" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी लाटणं घेऊनच धावले. म्हणलं घरात कोण शिरलं, बया!

आमच्या ह्यांचं गोलाईच्या बाजारात भांड्यांचं दुकान आहे. पहिला इलाज त्यांनी केला. सकाळी जाताना पोरीचा मोबाइल संगं न्यायचा, मोठ्या पातेल्यात ठेवायचा, वर झाकण. झालं. पण क्लासचे सर सगळं मोबाइलवरच धाडतात. उद्या कशाची परीक्षा, किती धड्यांवर, घरी काय सोडवायचं, सगळं ग्रुपवर. इकडं पोरगी घरी वही उघडून बसलेली, तिकडं पातेल्यात मोबाइल वाजून राहिलेला, अन् समोर लग्नाची भांडी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक. हे मला फोन करायचे, मी पोरीला सांगायची, पोरगी म्हणायची असं नाही, फोटोच पाहिजे. आठ दिवसांत मोबाइल परत घरी आला. ज्यांनी अभ्यास त्याच्यात कोंबला त्यांना कोण बोलणार?

मग मी वेळ ठरवून दिली. पाच ते सहा. सहाला मी उंबऱ्यावर उभी. "मम्मी, आत्ता न्हाई सोडता येत, माझ्यामुळं सगळ्या मरतील." मरू दे की! पण डोळ्यांत पाणी आणून कोणी असं म्हणलं तर तुम्ही काय करता? मी उभी राहायची. सव्वासहा व्हायचे, साडेसहा व्हायचे, भाजी करपायची. एकदा तिरीमिरीत मी वायफायची वायरच उपटली, तर बाहेरच्या खोलीतून हेच ओरडले, "कुणी बंद केलं रे?" त्यांचे ते व्हिडिओ चालले होते, शेतातून साप निघतो, कोणाची तरी गाय विहिरीत पडते, असले. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून. मी तसं बोलले. मी तोंडाची फटकळ आहे, माझ्या माहेरी विचारा.

घटक चाचणीचे मार्क आले अन् ह्यांचा पारा चढला. पोरीला बोलावलं. "किती खेळतेस?" "लई," ती म्हणाली. "सुटतच न्हाई, पप्पा." तिनं इतकं सरळ सांगितलं की ह्यांना चिडताही येईना. मग म्हणाले, "सोमवारी पूजा झाल्यावर गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून शब्द दे. गेम बंद."

आम्ही लिंगायत. आमच्यात लेकरू कळतं झालं की गुरू त्याला दीक्षा देतात, इष्टलिंग गळ्यात घालतात. मुलगा असो की मुलगी. चांदीच्या डबीत लिंग, डबीला दोरा, दोरा गळ्यात. एकदा घातलं की ते उतरवायचं नसतं. न्हाताना नाही, झोपताना नाही, बाळंतपणात नाही. मेल्यावर मातीतसुद्धा संगं जातं. ज्याचं त्यानं डाव्या तळहातावर घेऊन पूजायचं, दुसऱ्यानं कोणी नाही. पोरीची दीक्षा झाली तेव्हा ती एवढीशी होती, दोरा पोटापर्यंत लोंबायचा. शाळेत कोणी विचारलं हे काय, तर म्हणायची, "माझा देव हाय, मी त्याला संगं घेऊन फिरते." आम्ही किती दिवस ते पाहुण्यारावळ्यांना सांगत होतो.

अन् ह्यांच्या घराण्याची रीत अशी की शब्द द्यायचा तर ह्या लिंगावर हात ठेवून. दुकानाच्या वाटण्या झाल्या तेव्हा माझ्या दिरांनी असाच हात ठेवला होता. वकील नाही, कागद नाही. मोक्याची जागा ह्यांच्याकडे आली तरी कोणी शब्द फिरवला नाही. ह्यांचा त्या रीतीवर केवढा भरवसा! मी म्हणलं, "अहो, लेकराच्या खेळापायी देवाला कशाला मधे घेता?" तर म्हणाले, "मग तू इलाज सांग." माझ्याकडं कुठला इलाज? माझे सगळे इलाज करपलेल्या भाजीत गेले होते.

सोमवारी पोरीनं न्हाऊन पूजा केली, कपाळाला भस्म लावलं, अन् डबी मुठीत धरून म्हणाली, "मी गेम खेळणार न्हाई." आवाज एवढासा. ह्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्या दिवशी मी मुद्दाम पुरण घातलं होतं.

घर शांत झालं. इतकं शांत की माझे कान वाजायला लागले. पाच वाजले की पोरगी पुस्तक घेऊन बसायची अन् पंख्याकडं बघून राहायची. बोटं मांडीवर आपली आपण हलायची. मी तिला चकल्या करायला बोलवायची, बाजारात न्यायची, ती यायची, मुकाट्यानं पिशवी धरायची. मला वाटायचं, होईल सवय. अन् खरंच, हळूहळू ती हसायला लागली, जेवण वाढलं, वरच्या खोलीत अभ्यासाला बसायला लागली. आम्ही दोघं एकमेकांकडं बघून समाधान मानायचो.

मी तिला एकदाही विचारलं नाही, खेळतेस का म्हणून. आधी दिवसातून दहादा विचारायची. पण लिंगावर हात ठेवलेल्या लेकराला कसं विचारायचं? विचारलं म्हणजे भरवसा नाही असं झालं. कैकदा वरच्या खोलीच्या दारापर्यंत जायची अन् जिन्यानंच परत यायची.

उन्हाळ्याच्या सुट्टीत दादानं, म्हणजे माझ्या भावानं, नांदेडला बोलावलं. ह्यांचा लग्नसराईचा धंदा, ते लातूरलाच राहिले. आम्ही मायलेकी सकाळच्या एसटीनं निघालो. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं, ऊन वाढत गेलं. पोरीनं ओढणी गळ्याभोवती घट्ट गुंडाळून घेतली होती. सगळ्याच बायका उन्हाला गुंडाळतात, मीही गुंडाळली होती. ती खिडकीत खूश होती, मामेबहीण भेटणार म्हणून गाणं गुणगुणत होती. मला वाटलं, बरं झालं आणलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली, दादा कामावर गेला, अन् वहिनी तेलाची वाटी घेऊन पोरीमागं बसली. आमची वहिनी हौशी. "काय गं, केसांचं पार वाळलेलं गवत केलंय! मम्मी तेल लावत न्हाई का तुझी?" म्हणत तिनं केस मोकळे केले. मी समोर बसून कैऱ्या चिरत होते. तेल लावून झालं, वहिनी वेणी घालायला लागली. मान मोकळी करायला तिनं कॉलर खाली ओढली अन् तिचे हात थांबले.

"अक्का," वहिनी हळूच म्हणाली, "पोरीच्या गळ्यात दोरा न्हाई की."

पहिल्यांदा वाटलं तुटला असेल. न्हाणीत पडला असेल, एसटीत पडला असेल. मी कैऱ्या टाकून उठले, न्हाणीत पाहिलं, पिशवी पालथी केली, कपडे झटकले. देवा, आता कुठं शोधू!

"मम्मी, नको शोधू," पोरगी म्हणाली. "पडलं न्हाई. घरी हाय, देवघरात. मी काढून ठेवलंय."

"काढून ठेवलंय?" मी खालीच बसले. "कधी?"

"लई दिवस झाले."

मी तिच्या मानेकडं बघितलं. सगळी मान उन्हानं रापलेली, अन् जिथं दोरा असायचा तिथं बारीक पांढरी रेघ. तीही आता पुसत आली होती. इतके दिवस मी हिला वाढत होते, हिचे कपडे धूत होते, अन् मला दिसलं नाही.

"शपथ पाळायचं लई केलं, मम्मी," ती सांगायला लागली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. "मग एक दिवस खेळले. दुसऱ्या दिवशी पूजेला हातावर घेतलं तर मला त्याच्याकडं बघवंना. शब्द मोडून गळ्यात कसं ठेवायचं? मला ते जमंना."

"मग गेम सोडायचा होतास की गं, भवाने!"

"तेच तर जमंना."

"अन् आम्हाला सांगायचं नाही?"

"तुम्ही विचारलंच न्हाई. विचारलं असतं तर सांगितलं असतं."

विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, ह्याची मला खात्री आहे. ते जास्त लागलं. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं, असं आजी म्हणायची तेव्हा मी हसायची. गेम तर गेला नाहीच, अन् लेकरानं गळ्यातला देव उतरवून ठेवला. आईबापांनी काय मिळवलं म्हणून कोणी विचारलं तर मी काय सांगू?

मी ह्यांना फोन लावला. जेवायला घरी आले होते. जेवू तरी द्यायचं होतं, पण मला दम नव्हता. सगळं सांगितलं. तिकडं ते उठले. देवघराचं दार उघडल्याचा आवाज आला, समया सरकवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "सापडलं. फोटोमागं हाय." फोटो बाजूला ठेवून म्हणाले, "कापसात ठेवलंय गं. खाली भस्म घातलंय. वर बेलाचं पान हाय, वाळून गेलंय." त्यांचा आवाज मला ओळखू येईना. लग्नात बापाच्या गळ्यात पडून मी रडले, तेव्हा माझ्या बापाचा असा आवाज झाला होता.

मग एकाएकी ते भडकले. बाप माणूस, दुसरं काय करणार? "तिच्याकडं दे फोन!" मी स्पीकरवर टाकला. "उद्याच्या उद्या लातूरला ये! गुरूंना बोलावतो, लिंग गळ्यात घाल. अन् आत्ताच्या आत्ता शपथ घे, पुन्हा असं करणार न्हाईस म्हणून! घे शपथ!"

पोरीचा हात सवयीनं छातीशी गेला. तिथं काही नव्हतं. हात तसाच खाली आला.

"कशावर घेऊ, पप्पा?"

ती उलटून बोलली नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. फोनमधून नुसता रस्त्यावरच्या ऑटोचा आवाज येत राहिला. वहिनी अर्धवट वेणी हातात धरून बसली होती. मी माझ्या गळ्यातला दोरा मुठीत धरला होता, आधार म्हणून, तर मला माझीच लाज वाटली अन् मी तो सोडला. त्या घडीला मला वाटलं, हिनं एकदा खोटं बोलावं. 'न्हाई खेळणार, पप्पा,' एवढं नुसतं म्हणावं. तिकडं एकटा माणूस देवघरापुढं उभा आहे, त्याला तेवढं तरी मिळू दे. पण ती फोनकडं बघत गप्पच राहिली, अन् थोड्या वेळानं त्यांनी फोन ठेवला.

आतून भाचीनं हाक मारली. तिला बिचारीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. "ये ना गं, सगळ्या आल्या! सुरू होऊन राहिलं!"

पोरीनं माझ्याकडं पाहिलं. "मम्मी, जाऊ?"

जा म्हणायला तोंड उघडंना, नको म्हणायला माझ्याकडं काही उरलं नव्हतं. तिचे अर्धे केस वहिनीच्या हातात, अर्धे पाठीवर मोकळे.

"आधी वेणी होऊ दे," मी म्हणले.